सोळाशेच्या आत

बारा वर्षं मी बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळतोय आणि बारा वर्षांत मिळालं काय, तर सहभागाची प्रमाणपत्रं. बायको ती कपाटाच्या खणात कागद म्हणून अंथरते. मी कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांचे दात बसवायचे आणि सुट्टीच्या दिवशी पटावर स्वतःचे पाडून घ्यायचे, असं माझं चाललेलं.

मग मोठ्या स्पर्धेचं पत्रक आलं. मुख्य बक्षिसं आमच्यासारख्यांसाठी नसतातच. पण खाली एक ओळ होती: ज्यांचं रेटिंग सोळाशेच्या आत आहे, त्यांच्यातल्या पहिल्याला वेगळा करंडक. माझं रेटिंग सोळाशे आठ. आठ गुणांपायी मी शहाण्यांच्या रांगेत जाऊन बसलो होतो आणि तिथे मला कुत्रंही विचारत नव्हतं.

रेटिंग चढवायला घाम गाळावा लागतो, उतरवायला नुसतं हरायचं. महिनाअखेरीला एक छोटी स्पर्धा होती. तिथे शेवटच्या फेरीपर्यंत माझं रेटिंग जेवढं चढलं तेवढंच उतरलं. जागच्या जागी. आणि शेवटच्या फेरीत समोर आले माझे सासरे.

सासरे म्हणजे निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक. अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाही हरवलं नव्हतं, घरी नाही की स्पर्धेत नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, त्यांच्या पटावर तर मी कायम वक्रीच. त्या दिवशीही डाव माझ्याच हातात होता. तिसाव्या चालीला मी हत्ती उचलला आणि त्यांच्या घोड्याच्या तोंडी नेऊन ठेवला. वर कपाळावर हात मारून घेतला, नाटकात काही उणं राहू नये म्हणून.

सापळा तर नाही ना, म्हणून ते दहा मिनिटं पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी हत्ती घेतला. डाव संपल्यावर त्यांनी माझा हात किती तरी वेळ सोडलाच नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. पण मनात माझी वजाबाकी चालू होती. सोळाशे आठमधून अकरा गेले. जमलं!

ते अकरा गेले कुठे, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. नवी यादी लागली तेव्हा मी फक्त माझी ओळ वाचली.

मोठ्या स्पर्धेत सासऱ्यांच्या अंगात आलं होतं. जावयाला हरवलेला माणूस आता कुणाला भितोय! नऊ फेऱ्यांत सहा गुण. माझे साडेपाच. मी मनाशी म्हटलं, चला, करंडक घरातच राहिला. तेवढ्यात पंचांनी सोळाशेच्या आतल्यांत पहिलं नाव पुकारलं ते माझं.

मी टेबलापाशी गेलो. ‘साहेब, काहीतरी चुकतंय. माझ्या सासऱ्यांचे सहा आहेत.’

‘ते सोळाशे दोन आहेत,’ पंच यादीवर बोट ठेवून म्हणाले. ‘त्यांना या गटात धरता येत नाही. मागच्या महिन्यात पंधराशे एक्क्याण्णव होते. तुम्हालाच हरवून वर गेलेत की!’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी करंडक घेताना सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते ते सासरेच.

बाहेर पायऱ्यांवर मी ठरवलं, आता सांगून टाकायचं. ‘बाबा, त्या दिवशीचा तो डाव...’

‘अहो, तेच म्हणतोय मी!’ त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘त्या डावापायी करंडक गेला, जाऊ दे. असे दहा ओवाळून टाकीन त्याच्यावरून. तुमच्या सासूबाई म्हणायच्या, जावईबापूंनी एखादा डाव सोडावा तुमच्यासाठी. मी म्हणायचो, नको गं बाई. ज्या दिवशी त्यांनी दया म्हणून सोडला, त्या दिवशी मी पट गुंडाळून ठेवीन.’

मी करंडक या हातातून त्या हातात घेतला.

मग ते जरा जवळ सरकले. ‘तरी एक विचारू? रागावू नका. हत्ती ठेवताना माझा घोडा तुम्हाला खरंच दिसला नव्हता ना?’

दया असती तरी परवडलं असतं. मी तर स्वतःसाठी सोडला होता. त्यांचं मन मोडू नये म्हणून खोटं बोललो, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

‘नाही दिसला, बाबा.’

त्यांचा चेहरा इतका खुलला की मी मान फिरवली. ‘आणा इकडे, दमलात तुम्ही,’ म्हणत त्यांनी माझ्या हातातला करंडक घेतला आणि छातीशी धरून पायऱ्या उतरायला लागले. फाटकापाशी कुणीतरी ओळखीचं भेटलं.

‘काय काका, जिंकलात वाटतं?’

‘छे हो,’ सासरे म्हणाले आणि त्याला नीट दिसावा म्हणून करंडक वर धरला. ‘आमच्या जावयाचा आहे.’