पाच फुटांच्या आतलं कुंपण

वाझगेन दारात उभा दिसला तेव्हा आर्डिथला वाटलं, कुठेतरी वणवा पेटलाय. त्याशिवाय हा माणूस आपली पायरी चढायचा नाही. आठ-नऊ वर्षं दोघांत अबोला होता, आणि तोही चांगला खतपाणी घालून वाढवलेला. दोन घरांच्या मधलं ज्युनिपरचं कुंपण तिनं मुद्दाम माजू दिलं होतं. पूर्वी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची खिडकी दिसायची. आता नुसता हिरवा पाला दिसायचा, आणि तिला तो फार आवडायचा.

"आत येत नाही, बाई," तो म्हणाला.

"बोलावलं कुणी?"

वाझगेननं ते गिळलं. शेजारच्या घरी यायला त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"विमा कंपनीचा माणूस येऊन गेला. भिंतीपासून पाच फुटांत जळेल असं काही नको म्हणाला. मी गुलाब उपटले, लाकडी फाटक काढलं. दारातलं काथ्याचं पायपुसणंसुद्धा गेलं."

"मग आता माझं काय काढायचंय?"

"कुंपण. जमीन तुमची, पण भिंत माझी, आणि मध्ये जेमतेम तीन फूट. ते राहिलं तर माझा विमा बंद. विमा नाही म्हटल्यावर कर्ज देणारी बँक मानगुटीवर बसेल. घर विकून मुलीकडे फ्रेस्नोला जावं लागेल." त्यानं इस्त्रीची कॉलर सैल केली. "तिथे फार उकडतं."

"विचार करते," म्हणत आर्डिथनं दार लावलं.

खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. तिची भिंत कुंपणापासून चांगली लांब होती, तिच्या विम्याला कसलाच धक्का नव्हता. जाऊ दे म्हातारा फ्रेस्नोला! भांडण काय साधं होतं? तेव्हा कुंपण कमरेएवढं होतं. शेजारधर्म म्हणून तो ते छाटायला आला, आणि संध्याकाळी त्याची लांब दांड्याची कातर सापडेना. वडिलांनी आर्मेनियातून, येरेवानहून आणलेली. "तुम्ही उचलून ठेवलीत का?" असं त्यानं सगळ्या गल्लीदेखत विचारलं. म्हणजे चोरच ठरवलं की!

पण दुपारी कोरडा वारा सुटला, ज्युनिपर खरखरायला लागलं आणि तिचा आनंद काही टिकेना. मागे एकदा टेकडी पेटली तेव्हा सगळी गल्ली गाड्या भरून निघाली होती. परत आल्यावर आर्डिथनं सामान उतरवायच्या आधी कुंपणाशी कान दिला होता. पलीकडे वाझगेनचा रेडिओ लागला, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिनं जाऊन त्याची घंटा वाजवली.

"काढू या कुंपण. खर्च?"

"खर्च माझा. पण माळ्यानं जो आकडा सांगितला, त्यात जुनी मोटार येईल."

"माळी कशाला? शनिवारी अग्निशमनवाल्यांचं फांद्यांचा भुगा करणारं यंत्र गल्लीत येतंय. फांद्या रस्त्याच्या कडेला रचल्या की फुकट नेतात. तुमच्याकडे करवत आहे ना?"

"करवत आहे," तो म्हणाला. कातरीचा विषय दोघांनीही टाळला.

शनिवारी सकाळी ती आपली करवत घेऊन रस्त्याच्या बाजूनं कापत निघाली, तो परसाच्या बाजूनं. ज्युनिपर कातडीला चावतं, दोघांचे हात लालभडक झाले. "दमलात वाटतं?" ती ओरडायची. "तुमच्यासाठी हळू चाललोय," तो तिकडून ओरडायचा. आर्डिथला मजा येऊ लागली होती, आणि त्याचा तिला थोडा रागही येत होता.

मध्यावर, सगळ्यात जाड खोडाशी, वाझगेनची करवत थांबली.

"काय झालं?"

त्यानं नुसतं बोट दाखवलं. ती वाकून बघायला गेली. खोडाच्या बेचक्यात एक लांब दांडी अडकली होती. साल तिच्यावर चढून पार मिटली होती आणि पातं आतल्या अंधारात गंजत पडलं होतं.

वाझगेन खाली मातीतच बसला. "मीच अडकवली होती. तुम्ही सरबत प्यायला हाक मारली, तेव्हा. प्यायलो, आणि इथे विसरलो."

आर्डिथला खूप बोलायचं होतं. आठ-नऊ वर्षांचं एकेक वाक्य तिनं घासूनपुसून ठेवलं होतं. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून त्यातलं एकही तिला काढवेना.

"गंजलीय," ती म्हणाली. "तेल लावा. आणि उठा, यंत्र येईल."

विम्याचा माणूस पुन्हा येऊन कुंपणाच्या जागी पसरलेली नवी खडी बघून गेला. वाझगेनचा विमा राहिला, घरही राहिलं. आता खिडकीसमोर खिडकी आली. सकाळी तो तांब्याच्या भांड्यात कॉफी उकळताना दिसायचा. पहिल्याच दिवशी आर्डिथ तावातावानं बाजारात जाऊन पडद्याचं जाड कापड घेऊन आली होती.

पुढच्या आठवड्यात वाझगेन ड्रिल घेऊन दारात उभा.

"पडद्याची दांडी बसवून देतो, आर्डिथ-जान. नाहीतर रोज सकाळी माझं थोबाड बघावं लागेल तुम्हाला."

भांडणाच्या आधी तो तिला असंच जान म्हणायचा, त्याच्या भाषेत सगळ्याच जवळच्या माणसांना म्हणतात तसं. आता ते तोंडातून गेलं, हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो ड्रिलच्या वायरीकडे बघू लागला.

पडद्याचं कापड तिच्या मागच्याच टेबलाच्या उघड्या खणात घडी घालून ठेवलेलं होतं.

"मनासारखं कापडच मिळत नाहीये," आर्डिथ म्हणाली, आणि तिनं कमरेनं खण हळूच आत ढकलला.