कपाचे कान

धाकटीनं कपाचा कान चिमटीत धरला आणि ओढला. निघाला नाही. पिळला, तरी नाही. तिचं तोंडच उतरलं.

"माल चांगला निघाला की रडायचं असतं होय?" मागून फोरमन ओरडला. अख्खा कारखाना त्याला हवालदार म्हणायचा. साधं बोलणं त्याला येतच नव्हतं.

तिला तो कान तुटायला हवा होता. भट्टीतून निघतानाच कपांचे कान गळायला लागले, तेव्हा याच माणसानं चारचौघांत तिच्या दादाला भट्टीवरून हाकललं होतं. म्हणे, याचा आचेवर हात बसत नाही. तेव्हापासून दादा घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला. आईची शपथ घेऊन सांगायचा, नेमून दिलेल्या आचेपुढे मी गेलोच नाही. मग उरले हवालदाराचे पंखे. कच्चे कप लवकर वाळावेत म्हणून त्यानंच लावलेले. धाकटी मालाची तपासणी करायची. तिनं मालकीणबाईंना गळ घातली, पंख्याखाली वाळलेले कप नेमलेल्या आचेवर भाजून घेतले. आणि मेले असे ठणठणीत निघाले!

हवालदाराला चेव आला. "आता माझं बघा. सावलीत वाळवा आणि आच चढवा."

चढवली. तेही कप ठणठणीत.

मालकीणबाईंनी दोन्हीकडचा एकेक कप वाजवून बघितला. "पंख्यानं नाही, आचेनं नाही. मग कान काय मांजरानं खाल्ले?"

"माती बदलली होती ना मधे," हवालदार घाईनं म्हणाला.

धाकटी कपाकडे बघत राहिली. आपण एकेकाला वेगळं गाठून बदडतोय. दोघं एकत्र आल्यावर काय करतात, ते बघितलंच नाही.

"बाई, एकदा सगळं सगळ्याबरोबर लावून बघू द्या," ती म्हणाली. "याचा छडा लावल्याशिवाय सोडायची नाही मी."

जुनी माती, नवी माती. सावली, पंखा. नेमलेली आच, चढवलेली आच. जितक्या जोड्या जमल्या तितक्या फळ्या कपांनी भरल्या. आठ झाल्या. दोन भट्ट्या लागल्या, आणि मग सगळ्या फळ्या लांब टेबलावर ओळीनं मांडल्या.

धाकटी कान ओढत पुढे सरकत गेली. माती कुठलीही असो, काडीचा फरक नाही. सहा फळ्यांवर एक कान हलला नाही. उरलेल्या दोन फळ्या पंख्याखाली वाळलेल्या आणि चढ्या आचेत भाजलेल्या. तिथं हात लावायचीही गरज नव्हती. कान आधीच गळून पडले होते.

हवालदारानं वाकून बघितलं. मग पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"माझा पंखा आहे, कबूल. पण नुसत्या पंख्यानं तुटले नसते, पोरी. आच कुणीतरी चढवलेली होतीच."

धाकटीनं हाताची माती पुसली. पुसून झाली तरी पुसतच राहिली. आईची शपथ घेतली होती दादानं.

"आता काय, दोघांनाही काढू?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काढू नका. दादाला परत घ्या. यांच्याच पाळीत." ती हवालदाराकडे न बघता बोलत होती. "पंखा लावायचा तर यांनी दादाला विचारायचं. आच चढवायची तर दादानं यांना. रोज."

हवालदाराचा आवाज परत चढला. "रोज?"

"सुट्टी सोडून."

मालकीणबाई खोकल्या. बहुतेक हसू दाबलं असावं.

घरी पाऊल टाकलं तसा दादा उठून बसला. कितीतरी दिवसांनी.

"लटकला का तो?"

"लटकला."

"आणि माझं?"

"उद्या कामावर जायचंय तुला." तिनं सगळं सांगितलं. पाळी कुणाबरोबर, विचारायचं कुणाला.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "त्या माणसाला विचारायचं? मी? हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

धाकटीनं फळीवरून त्याचा धूळ खात पडलेला डबा काढला आणि घासायला घेतला. गरज नव्हती इतका जोर लावून.