चौसष्टाव्या मिनिटाची साखर

इन्शिराह मादामचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. सव्वीस वर्षं ती कैरोत सिनेमे कापत-जोडत आली होती. दुक्की भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिनं किती नटांचे खोटे हुंदके कापले आणि किती नट्यांची लाज राखली, त्याला गणती नाही. आणि आज एक कालचं पोरगं लॅपटॉप उघडून तिला सांगत होतं, की सिनेमा चौसष्टाव्या मिनिटाला मरतो.

"मरतो म्हणजे रे काय?"

"हे बघा ना, मादाम." झियादनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पोरगा तसा गुणी. जन्म कैरोतला, पण वाढला सगळा दुबईत. हे एआय त्यानंच आणलं होतं. त्याला अख्खा सिनेमा दाखवायचा, की ते कथेचा चढउतार रेघेनं काढून देतं आणि वर गुणही देतं. "ही लाल रेघ म्हणजे कथेतला ताण. इथं ती झपकन खाली येते आणि चार मिनिटं दहा सेकंद खालीच राहते. संवाद नाही, भांडण नाही, कुणाचा बेत बदलत नाही. एआय म्हणतं, इथं काहीच घडत नाही. हे कापा आणि बाईच्या तोंडी एकच वाक्य घाला. 'तूच मारलंस त्याला.'"

काहीच घडत नाही! इन्शिराहला वाटलं, तो लॅपटॉप उचलावा आणि खिडकीतून सरळ रस्त्यावर भिरकावावा.

त्या चार मिनिटांत काय होतं? नाईलकाठचे दोन भाऊ. धाकटा बुडून मेलेला. थोरला दुखवट्याच्या मांडवात सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडलेला. आता घरात जवळची चार माणसं बसलीत आणि धाकट्याची विधवा कॉफीचं तबक घेऊन येते. मयताच्या घरची कॉफी बिनसाखरेची, हे इजिप्तमध्ये शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. थोरला हात लांबवतो, फळीवरचा साखरेचा डबा काढतो, दोन चमचे कपात घालतो, ढवळतो आणि पितो. कुणी चकार शब्द काढत नाही. विधवा तबक धरून तशीच उभी. आणि तिला कळतं, आपला नवरा पाय घसरून पडला नव्हता.

एआयचं सगळंच चुकत होतं अशातला भाग नाही. सिनेमातली लग्नाची वरात फार लांबलीय हे त्यानं बरोबर पकडलं होतं. दोन महिने ती वरात बघूनही इन्शिराहला ते दिसलं नव्हतं. तिनं निमूटपणे चाळीस सेकंद उडवली, आढेवेढे घेतले नाहीत. पण कॉफीला हात? छे!

"बाशमुहंदिस," ती म्हणाली. पोराला इंजिनियरसाहेब म्हणून चिडवायची तिला सवय लागली होती. "त्याला विचार बरं, दुखवट्यात साखर घातली तर काय होतं."

झियादनं विचारलं. एआयनं क्षणात उत्तर दिलं. मेलेल्याचा आणि घरच्यांचा घोर अपमान, मेल्याचा आनंद झाल्याची खूण, सगळं व्यवस्थित.

"अरे, म्हणजे याला ठाऊक आहे!"

झियादचे कान लाल झाले. "मी हे विचारलंच नव्हतं, मादाम. काय विचारायचं तेच मला माहीत नव्हतं."

तिला त्याची थोडी दयाच आली. "बरं झालं, खरं बोललास," ती म्हणाली. "आता हेच हाजींना सांग."

हाजी खलफ, म्हणजे या सिनेमाचे निर्माते, दुपारी आले. मूळचे सोहागचे, वरच्या म्हणजे दक्षिण इजिप्तचे. गडी ताठ, बोलणं ठोकून. त्यांचा थोरला भाऊ फर्गली जाऊन एकोणीस दिवस झाले होते. चाळीस दिवसांचा दुखवटा ते ऑफिसातसुद्धा पाळत. येणाऱ्या प्रत्येकाला कॉफी बिनसाखरेची, आणि स्वतःलाही तीच. झियाद उठला आणि आईनं शिकवलेलं सांत्वनाचं वाक्य म्हणाला, "त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, हाजी."

"देव तुला सुखी ठेवो, पोरा," म्हणत हाजी खुर्चीत बसले. "हं. कापलं का ते?"

"नाही कापलं," इन्शिराह म्हणाली. "आणि कापणार नाही."

झियादनं बिचाऱ्यानं सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. आपण अर्धवट विचारलं होतं, साखरेचा अर्थ एआयला ठाऊक आहे, प्रसंग बहुधा ठेवावा. हाजींनी हात झटकला.

"मला काय साखरेचा अर्थ ठाऊक नाही? सोहागचा आहे मी! पण सिनेमा विकत घेणारे आखातातले. ते रेघ बघतात. ऐंशीच्या वर गुण पडले तर घेतात, आपले पडलेत एकाहत्तर. इन्शिराह, चार मिनिटं कुणी बोलत नाही म्हटल्यावर लोक कंटाळून दुसरं काहीतरी लावतात. रेघ खोटं बोलते का?"

"रेघेला भाऊ नाही, हाजी."

"शब्दात नको पकडूस. दिग्दर्शकाची काही हरकत नाही."

"दिग्दर्शक तुमचीच रमजानची टीव्ही मालिका करतोय. हरकत घ्यायला त्याला तोंड आहे कुठं?"

"मग तू कोण लागून गेलीस? आज कापायचं म्हणजे कापायचं. तुला जमत नसेल तर दुसरा बसवतो."

बोलून उपयोग नव्हता. माणसाला सगळं कळत होतं, आणि तरीही तो रेघेमागं लपत होता. इन्शिराह उठली, मागच्या ओट्यापाशी गेली आणि तिनं स्वतः कॉफी चढवली. फेस वर आला तशी तिनं आच कमी केली. फर्गलींना ती ओळखत होती. तिच्या मुलीच्या लग्नात ते सोहागहून खजुराची टोपली घेऊन आले होते. हे करू नये, असं तिला एकदा स्पष्ट वाटलं. तरी तिनं केलं.

तिनं कप हाजींपुढं ठेवला. हाजी झियादशी बोलता बोलता घोट घेऊ लागले आणि मध्येच थांबले.

कप ओठांपासून खाली आला. बशीवर टेकताना वाजला. हाजींनी कपात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. तो थांबला तरी खोलीत कुणी बोलेना.

"साखर कुणी घातली?" हाजींचा आवाज अगदी बारीक होता.

"मी."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम. तीन चमचे."

हाजी उठले. चेहरा काळानिळा झालेला. "माझा भाऊ... एकोणीस दिवस झाले गं! एकोणीस! तुझ्या मुलीच्या लग्नाला आला होता तो!"

"आले होते. त्यांच्या कबरीपाशी जाऊन मी माफी मागेन, तुमच्या वहिनीच्या पाया पडेन. पण आता सांगा मला, हाजी. आत्ता या खोलीत काही घडलं, की नाही घडलं?"

हाजींचे डोळे भरून आले. एवढा मोठा बाप्या, पण ओठ आवळून उभा राहिला, खुर्चीची पाठ धरून. किती वेळ, कुणी मोजलं नाही.

"झियाद," शेवटी ते म्हणाले. "ते राहील."

"पण हाजी, आखातवाले—"

"राहील म्हटलं ना! एक सेकंद कापायचा नाही." मग तिच्याकडे न बघता, "आणि तू उद्यापासून येऊ नकोस. माझ्या कुठल्याच कामावर नको. सिनेमावर तुझं नावही लागणार नाही."

"नाव काढा," इन्शिराह म्हणाली. आवाज फाटला, पण मान ताठ होती. "काय वाटेल ते काढा."

तिनं चष्मा डब्यात ठेवला, पर्स खांद्याला लावली. सव्वीस वर्षांतली सोळा ती याच खोलीत बसली होती. दारापाशी पोचली तेव्हा मागून हाजींचा आवाज आला. आता त्यात राग नव्हता.

"इन्शिराह. मग ती बाई त्याचं काय करते? पुढं?"

ती वळली. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं झियादकडे पाहिलं, तर त्यानंही नजर खाली घातली. सिनेमा शेवटपर्यंत दोघांनीही पाहिला नव्हता; रेघ तेवढी बारकाईनं पाहिली होती.

"सांगणार नाही," ती म्हणाली. "बसा आणि बघा."