डाव्या पिळाचा दोर

शमुवेलच्या मनात एक वही होती. तिच्यात हिशेब पैशांचा नव्हता, यशयाचा होता. यशयानं शेडवर नवे पत्रे टाकले, नोंद. यशयानं घड्याळ घेतलं आणि ते सदऱ्याच्या बाहीवरून बांधलं, नोंद. रविवारच्या उपासनेत पाळकांनी यशयाच्या हाताला यश दिल्याबद्दल देवाचे आभार मानले, तेव्हा शमुवेलनं मिटल्या डोळ्यांनीच तीही नोंद केली आणि 'आमेन' जरा उशिरा म्हटलं.

यशया त्याचा चुलतभाऊ. दोघांचे बाप एकाच लिंबाखाली दोर वळत बसलेले. बेलापूरपासून दोन कोसांवरच्या या गावात घायपाताच्या पानांतला धागा, म्हणजे वाख, काढायचा आणि त्याची दावी, कासरे, विहिरीचे दोर करायचे, हे दोन्ही घरांचं पिढीजात काम. त्यात शमुवेलचा हात वरचढ, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. मग नगरहून 'नवउद्योग साहाय्य केंद्र' नावाचं काहीतरी आलं. दोर वळायचं पायानं चालणारं यंत्र गावात एकाच होतकरू माणसाला मिळणार होतं. अर्ज दोघांनी केले. शमुवेलला उत्तर आलं, 'वयोमर्यादा ओलांडली आहे.' यशयाला यंत्र आलं, बैलगाडीतून, हार घालून.

त्याला दीड वर्ष झालं. मधल्या काळात पावसानं पाठ फिरवली आणि विहिरींचं पाणी तळाला गेलं. पाणी तळाला गेलं की दोर लांब लागतो. सगळं गाव तलावाच्या कामावर खडी फोडत होतं, शमुवेलची बायको मेरीही रोज फडक्यात भाकरी बांधून जायची, आणि इकडं यशयाचे दोर गाड्या भरभरून दुष्काळी कामांवर चालले होते. दुष्काळातही याचंच पिकतं, अशी शमुवेलची तक्रार होती आणि ती तो थेट वरच करत असे.

घरात त्यानं हुकूम काढला होता. "त्या शेडात या घरातल्या मान्सानं पाय ठेवायचा न्हाई."

"बरं," मेरी म्हणाली होती.

चैत्रात एक दिवस केंद्राचे राधाकृष्ण साहेब फटफटीवरून थेट शमुवेलच्याच दारात उतरले. तिशीच्या आतले, खिशाला दोन पेनं, बगलेत यंत्राचा फोटो छापलेले कागद.

"काका, आम्हाला कर्जतकडं अशी आणखी चार यंत्रं द्यायची आहेत. त्याआधी बाहेरच्या पंचानं तपासून लिहून द्यायचं, की यंत्रामुळं खरंच फायदा झाला का, माल कामाचा आहे का. सगळे म्हणतात, दोर कळावा तो तुम्हालाच."

"माझं तर वय उलटलंय न्हवं?" शमुवेल गोड आवाजात म्हणाला.

साहेबांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. "तुम्ही नापास केलंत तर यंत्र परत जाईल. दोरांची मागणी आम्हीच कामांवरच्या कचेऱ्यांतून मिळवून देतो, तीही बंद होईल."

इतकी चांगली बातमी शमुवेलनं दीड वर्षात ऐकली नव्हती. त्यानं ठेवणीतला पटका बांधला.

यशया शेडाच्या दारात उभा होता. "शमुवेलदादा, तुमी? पंच म्हनून? या, या. च्या टाकाया सांगतो."

"च्या मागनं. आदी दोर काढ."

शमुवेलनं दावी ओढून पाहिली, कासऱ्यांची टोकं उकलून पाहिली, एक दोर पाण्याच्या बादलीत बुडवून उन्हात सोडला. वाईट दोर भिजला की सापासारखा वेटोळं घालतो. हा मुकाट सरळ पडून राहिला. शमुवेलला दोराचा राग आला.

"तो लांबडा आन."

साठ हातांचा विहिरीचा दोर समोर आला. त्यानं डोळे मिटले आणि दोर मुठीतून सरकवत नेला. चार हातांवरच मूठ थबकली. पीळ उलटा होता. शेजारपाजारच्या सगळ्या गावांत दोर उजव्या पिळाचा. हा डाव्या पिळाचा.

असा दोर त्यानं आयुष्यात एकदाच पाहिला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी मेरीनं वळलेला. मेरी डावखुरी. गिऱ्हाइकानं तो दोर परत आणून टाकला, "ह्यो नजर उतरवायला ठीक हाय, बैलाला कोन बांधतंय?" चार माणसं हसली, आणि शमुवेलनं मेरीला वाख विंचरायला बसवलं ते आजवर. तो दोर मग घरच्याच शेळीला बांधला. एकामागून एक तीन शेळ्या झाल्या, दोर तोच राहिला. पण ही नोंद वहीत कधी झाली नव्हती.

"यशया," तो डोळे न उघडता म्हणाला, "तुजं यंत्र डावखुरं हाय का रं?"

साहेब हसले. "यंत्राला कसला हात, काका!"

यशयाचं तोंड मात्र नासलेल्या दुधासारखं झालं. "दादा, जरा बाजूला येता का?"

"बाजूला कशाला? चालवून दाव की."

"पाय दुखतोय."

"मग मी चालवतो," म्हणून शमुवेल चढलाच. यंत्र खडखडलं, वाख आत गेला आणि दुसऱ्या टोकाला भुसा पडला. पुन्हा वाख, पुन्हा भुसा. शमुवेलनं दोन ओंजळी जास्तच घातला. इतका गोड खडखडाट त्यानं कधी ऐकला नव्हता.

"पैल्या दिसापासनं असंच हाय, साहेब," यशया जमिनीकडं बघत म्हणाला. "हे काथ्याचं यंत्र हाय, नारळाच्या. आमचा वाख त्याच्या दातांत तुटतोय. दोनदा कळवलं तुमास्नी."

"मग आम्ही काय उत्तर दिलं?"

"चिकाटी ठेवा म्हनून."

साहेबांच्या कपाळावर घाम आला. "आणि मग हे दोर?"

उत्तराला शमुवेल थांबला नाही. तो शेडामागं गेला. तिथं सावलीत चौघी बाया बसल्या होत्या. मधे मेरी. डाव्या हातात लाकडी फिरकी गरगरत होती आणि दोर तिच्यापासून निघून सावलीच्या कडेपर्यंत गेला होता.

"तू खडीवर गेल्तीस न्हवं?"

"गेल्ते की," मेरी म्हणाली. फिरकी थांबली नाही. "सा म्हयन्यांमागं."

"दाजी, उनात उभं ऱ्हाऊ नका," बनुबाई म्हणाली. ती शेजारच्या आळीतली, तिच्या जिभेला हाड नव्हतं. "बसा, वाख विंचरा."

बाया फिसकन हसल्या.

"म्या नगं म्हनलं असताना तू त्याच्याकडं आलीस?"

"त्यानं दोर वळ म्हनलं. तुमी बावीस वर्सांत म्हनला न्हाईत."

"आन सा म्हयने घरात जे आनत हुतीस…"

"त्ये हितलंच. भाकरी ग्वाड लागत हुती न्हवं?"

यशयानं यंत्र नेलं, नाव नेलं, पाळकांची प्रार्थना नेली, इथवर शमुवेलची तयारी होती. पण आपल्याच घरातला हात यानं ओळखावा आणि आपण नाही? आणि त्याहून जळजळीत एक गोष्ट होती. तो साठ हातांचा दोर त्यानं स्वतः ओढून पाहिला होता. तसा दोर त्याच्या हातून कधी उतरला नव्हता.

तो परत आला तेव्हा साहेब कागद मांडीवर घेऊन बसले होते आणि यशया उभाच होता. एक शब्द पुरला असता. यंत्र गेलं असतं, मागणी गेली असती, पत्रे आणि घड्याळही हळूहळू गेलं असतं. त्यांच्यामागून भाकरी गेली असती, आणि शेडामागची फिरकी.

"लिवा," शमुवेल म्हणाला. "यंत्र नापास."

यशयानं डोळे मिटले.

"दोर पास."

"काका, रकाना एकच आहे."

"मग दुसरा आखा. पट्टी न्हाई तुमच्यापाशी? आन ह्येबी लिवा. केंद्रानं यंत्र दिलं ते भंगार. गिऱ्हाईक दिलं ते खरं. तुमी मात्र फोटू छापला यंत्राचा."

साहेबांचं पेन अडखळलं, पण चाललं. "आणि यशया?"

पुढचं वाक्य शमुवेलला दात काढल्यासारखं जड गेलं. "त्याला दोर वळता येत न्हाई. पन कुनाला बोलवावं ते कळतंय. लिवा… बारीक अक्षरात. आन वळनाऱ्या बायांची नावं मोठ्या अक्षरात."

तीन आठवड्यांनी यंत्र बैलगाडीतून परत गेलं, हाराशिवाय. पाठोपाठ पत्र आलं. मागणी चालू राहील, चौघी बाया आणि यशया यांच्या नावे. फक्त माल धाडण्यापूर्वी प्रत्येक दोर गावातल्या जाणकारानं तपासावा.

शमुवेलनं पटका धुऊन वाळत घातला आणि बोलावण्याची वाट पाहिली. बायांनी जाणकार म्हणून मेरीला नेमलं.

चार दिवस तो तिकडं फिरकला नाही. पाचव्या दिवशी खांद्यावर स्वतः वळलेला चाळीस हातांचा दोर टाकून शेडामागं आला आणि तो मेरीपुढं ठेवला. तिनं डोळे मिटले. दोर मुठीतून सरकू लागला. दहा हात, वीस हात. मूठ थांबली.

"हितं पीळ सैल पडलाय."

"कुटं? दाव."

तिनं बोट ठेवलं. शमुवेलनं पाहिलं. तिथवर दोर वळत आला असताना शेडाकडून यशयाच्या हसण्याचा आवाज आला होता आणि त्यानं मान वळवून पाहिलं होतं.

"उकला आन पुन्यांदा वळा," मेरी म्हणाली.

बनुबाईनं सरकून जागा केली. शमुवेल खाली बसला, यशयाच्या दाराकडं नीट पाठ करून, आणि दोर उकलायला लागला.