यादीतून काढलेला हीटर

"तुमी बोला अगुदर. मोटरीचं मंग पाहू," असं म्हणून पंपाची मोटर घेऊन आलेले शकूरभाई कडूबाच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या स्टुलावर बसले.

कडूबाचे दोन्ही हात मोटरीच्या तारांना लावायच्या वॉर्निशनं माखले होते. महामायानं फोनचा स्पीकर चालू करून तो नवऱ्यापुढे धरला. "लडाखचा कोनी नोर्बू म्हनते. असे काऊन पाहून राह्यले?"

नोर्बूचा आवाज कडूबानं सहा वर्षांत ऐकला नव्हता.

आठ वर्षांपूर्वी डोणगावच्या शिवारात बीटी कपाशी हातची गेली आणि पंप दुरुस्त करायला कोणी येईना. दुकानाला कुलूप लावून कडूबा एका ठेकेदाराबरोबर लडाखला गेला, एक हिवाळा त्यानं तिथे काढला. लोखंडी कंटेनरच्या पोटात बॅटऱ्या, छतावर सोलरच्या पाट्या, असं ते वीजघर एका गावच्या दवाखान्याजवळ बसवायचं होतं. ते डोंगरावर चढवायचं भाडंच यंत्राच्या किमतीइतकं झालं. खर्च मंजुरीच्या वर गेला, तेव्हा ठेकेदाराच्या साहेबानं सामानाची यादी पुढे केली. "बॅटऱ्यांचा हीटर आणि भिंतींचं जाड अस्तर काढलं तर चालेल का? तू इथला हिवाळा पाहिलायस." काम रद्द झालं तर पगार बुडणार होता. कडूबा म्हणाला, "चालते साहेब."

जानेवारीत बॅटऱ्या गोठून फुटल्या. दवाखान्यात बाळंतीण होती. वीजघराचा राखणदार नोर्बू हातमोजे काढून डिझेल जनरेटरशी झटला, दिवे लावले. बाळ-बाळंतीण वाचली. नोर्बूच्या उजव्या हाताची तीन बोटं मात्र हिमदंशानं गेली. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'राखणदारानं पाट्यांवरचा बर्फ वेळेवर काढला नाही, म्हणून बॅटऱ्या चार्ज न होता गोठल्या.' खाली साक्षीदार म्हणून कडूबाची सही होती. नोर्बूचं काम गेलं.

"कडूबाभाई," नोर्बू हिंदीत बोलत होता, "गाव में नया कंटेनर आ रहा है. मुझे फिर से रखेंगे. इस बार गलती नहीं करूंगा. बताओ, बर्फ दिन में कितनी बार हटाना?"

कडूबानं ब्रश वॉर्निशच्या डब्यात ठेवला. महामाया हळूच म्हणाली, "सांगा ना त्याले. विचारून राह्यला बिचारा."

"तुम्हारी गलती नहीं थी," कडूबा म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. हीटर, अस्तर, आपला होकार आणि शेवटी सही. महामाया त्याच्याकडे पाहत राहिली. बोटं गेलेल्या त्या माणसाबद्दल त्यानं घरी नाव न घेता कितीदा सांगितलं होतं. सहीबद्दल कधीच नाही. शकूरभाईंनी मान खाली घातली.



"मतलब, बर्फ मैं रोज हटाता था?" नोर्बूनं विचारलं. स्वतःच्या आठवणीवरचा त्याचा विश्वास उडाला होता.

"रोज. मैंने देखा था."

"हीटर से खर्चा बढ़ेगा?"

"बढ़ेगा. पर उसके बिना मत लेना. मैं लिखकर देता हूं, किसने निकलवाया था वो भी."

"लिखकर दो," नोर्बू म्हणाला. त्यानं शिवी दिली नाही की माफ केलं असंही म्हटलं नाही. मग तो म्हणाला, "मेरी बेटी यहीं है. छह साल से समझती है, बाप सोता रह गया. उसको बताओ."

फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला. महामायाचा हात अवघडला होता, पण तिनं फोन खाली घेतला नाही.

"जी, बोलिए," एक तरुण आवाज म्हणाला.

कडूबा उभा राहिला. आधी त्यानं आपलं पूर्ण नाव सांगितलं, मग गाव सांगितलं आणि पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली.