फिटरच्या घरचा नळ

आयुष्यभर लोकांचे नळ दुरुस्त करत आलेल्या फिटरच्या घरी बाथरूमचा नळ ठिबकत होता, आणि त्याची बायको त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला असायचा. जीभही जड झाली होती. त्यांना बोलतं ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण हा गडी ‘हं’ आणि ‘नको’ एवढ्यावर दिवस ढकलायचा. अडखळत बोलणं त्याला जिवावर यायचं. बाहेरचा प्लंबर बोलावला तर त्याच्या मनाला लागेल, म्हणून तिने नळाखाली नुसती बादली सरकवली होती.

रविवारी दुपारी मात्र तिने बाह्या सरसावल्या, माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली आणि बाथरूमच्या दाराशी स्टूल मांडलं.

“अहो, इथे बसा जरा. मी नळ खोलतेय.”

ती विमानच चालवायला निघाल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं. पण आला, बसला.

तिने भिंतीवरचा कॉक बंद केला, नळाची मूठ काढली, नट पान्यात धरला आणि जोर लावला. नट ढिम्म हलेना.

“उलटं,” तो म्हणाला.

“काय उलटं?”

“फिरव...तेस उलटं.”

तिने पाना दुसऱ्या बाजूला ओढला. नट सुटला, आणि पाण्याची चिळकांडी थेट तिच्या तोंडावर आली.

“अगं, तो... गीझरचा! खालचा... खालचा कॉक बंद कर!”

चाचपडत तिने खालचा कॉक फिरवला. पाणी थांबलं. निथळता चष्मा पुसून ती वळली, तर नवरा हसत होता. ओठ एका बाजूला ओढला जात होता, पण पोट तसंच गदगदत होतं, पूर्वीसारखं.

“हसा, हसा. माझी फजिती झाली की तुम्हाला बरं वाटतं.”

“हं,” तो म्हणाला, आणि पुन्हा हसला.

आतला वॉशर पार झिजून चपटा झाला होता. पेटीत नवा सापडला, पण ओल्या बोटांनी तो तिला बसवता येईना. त्याने डावा हात पुढे केला.

“आण.”

तिने नळातून काढलेला दांडा घट्ट धरला, त्याने अंगठ्याने वॉशर दाबला. निसटला. पुन्हा निसटला. मदतीला धावणारा आपला हात तिने महत्प्रयासाने आवरला. शेवटी वॉशर बसला.

“फार आवळू नकोस,” तो म्हणाला. “बेताने.”

तिने नट बेताने आवळला, मूठ बसवली, कॉक उघडला. नळाच्या तोंडाशी एक थेंब जमला आणि पडला. तिचा चेहरा उतरला.

“आत...लं उरलेलं पाणी आहे. थांब.”

दोघं बघत राहिली. दुसरा थेंब आला नाही.

संध्याकाळी ती केस विंचरत होती, तेव्हा आतून हाक आली.

“अगं, कपाटाची बिजागरी करकरते. कधीपासून?”

“झाले बरेच दिवस.”

“मग बोलली का नाहीस?”

यावर तिला पुष्कळ बोलता आलं असतं. ती म्हणाली, “तेलाची बाटली कुठे ठेवलीय हो तुम्ही?”

बाटली पेटीतच होती. मघाशीच तिने पाहिली होती. तो शब्द शोधत, थांबत थांबत सांगू लागला, आणि ती कंगवा बाजूला ठेवून त्याच्याजवळ जाऊन ऐकत बसली.