व्हर्लिनची कवळी

ओहायोतल्या जत्रेत, ट्रॅक्टरने वजन ओढायच्या शर्यतीआधी, व्हर्लिनचा जुना ट्रॅक्टर वजनकाट्यावर उभा होता आणि काटा ठरलेल्या मर्यादेपेक्षा केसभर जास्तच दाखवत होता. इथं ड्रायव्हरसकट वजन धरतात, म्हणून व्हर्लिनने टोपी, पट्टा, बूट सगळं आधीच उतरवलं होतं. पुढची लोखंडी वजनं काढली, तर ओढताना ट्रॅक्टरचं तोंड आभाळाकडे जाणार. गुडघे ठणकत होते. बायकोने, नेडीनने, सकाळीच बजावलं होतं, "यंदा शेवटच्या निशाणापर्यंत गेला नाहीस, तर हे धूड विकायचं." विकलं तर सुटलो एकदाचा, असंही त्याला आतून वाटत होतं.

रांगेत मागे त्याचा जुना प्रतिस्पर्धी ओडेल कणीस खात उभा होता. "अरे म्हाताऱ्या, कवळी काढ की!"

व्हर्लिनने खरंच कवळी काढून त्याच्या हातावर ठेवली. काटा बरोबर रेषेवर आला. अख्खी रांग खिदळली.

मग मागे वजनाची घसरगाडी जोडली. ही बया पुढं जाईल तसं तिच्यावरचं वजन ट्रॅक्टरकडे सरकतं आणि ती जड होत जाते. ट्रॅक्टर धापा टाकत, काळा धूर ओकत गेला तो थेट निशाणापलीकडेच थांबला. लोकांनी आरडाओरडा केला. व्हर्लिनने मात्र सुस्कारा सोडला. आता पुढच्या वर्षीही हेच.

ओडेल धावत आला. "मैदान मारलंस की लेका! घे तुझे दात."

"राहू दे तुझ्याकडंच," व्हर्लिन बोळक्या तोंडाने म्हणाला. "पुढच्या वर्षी पुन्हा काढत कोण बसणार?"